एका ओळीचा कागद

दुसऱ्याचं काम एक दिवस आपल्या हातांनी केल्याशिवाय त्याच्या पगाराचा आकडा लिहायचा नाही, असा आमच्या हेडक्लार्क भाऊंचा नियम होता. तो कुठल्या कायद्यात नव्हता. बंदरावरच्या आमच्या लहानशा नगरपालिकेत तो त्यांच्यापासून सुरू झाला आणि त्यांच्याबरोबर संपला. दिवाबत्तीवाल्याची ग्रेड ठरवायची होती तेव्हा धोतर, काळा कोट, टोपी अशा कचेरीच्याच वेषात खांद्यावर शिडी घेऊन भाऊ भर बाजारपेठेतून निघाले. रस्त्यावर तेव्हा रॉकेलचे दिवे होते. दुकानाच्या फळीवरून कोणीतरी विचारलं, "भाऊनू, खंय चोरी करूक निघालात?"

भाऊ न थांबता म्हणाले, "शिडी किती जड आसा ता बघतंय."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या टिपणात वाक्य आलं: 'पावसात भिजल्यावर शिडी फार जड होते, याचा ग्रेड ठरवताना विचार व्हावा.' तोंडाने मालवणी आणि कागदावर शुद्ध मराठी, अशी त्यांची वाटणी होती. गाव त्यांना मागून ग्रेडभाऊ म्हणत असे. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही असावं.

मी त्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले ती सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या सुमारास. बेळगावला मामांकडे राहून टायपिंग शिकले होते. कचेरीत दुसरी बाई नव्हती. पहिल्या दिवशी भाऊंनी मला खिडकीजवळची खुर्ची दिली आणि म्हणाले, "बाय, हडे कोण काय वायट बोललो तर माका येवन सांगूचा नाय. तेकाच सांगूचा, मोठ्यान." दोन वेळा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा लागलं नाही.

यादी करायची सवय मला त्यांनी लावली. माझ्याकडे एक यादी असायचीच, करायच्या कामांची. भाऊंनी दुसरी करायला लावली, राहून गेलेल्या कामांची. पहिल्या यादीवर काट मारायची, दुसरीवर मारायची नाही. "केलेला काम लोक सांगतत," ते म्हणत. "रवलेला आपणच लिवन ठेवचा लागता." दुसरी यादी ठेवणं मला तेव्हा वेळ घालवणं वाटे. मी ती ठेवत असे, कारण ते अधूनमधून बघायला मागत.

ग्रेड म्हणजे काय, हे त्यांनी मला एका वाक्यात समजावलं होतं. पगार कुठून सुरू होणार, दरवर्षी कितीने वाढणार आणि कुठे थांबणार, याची एक ओळ. ज्याच्या नावाला ती ओळ आहे त्याला रजा आहे, आजारपण आहे, म्हातारपण आहे. ज्याला नाही तो त्या दिवसापुरता. या ओळींच्या बाबतीत भाऊ कुणाचं ऐकत नसत. एका वर्षी आमच्या अध्यक्षांना आपल्या शेजारी राहणाऱ्या जकात नाक्यावरच्या कारकुनाला एकदम दोन वाढी द्यायच्या होत्या. सभेत भाऊ उभे राहिले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "शेजार ही पात्रता धरायची असेल तर तसा ठराव व्हावा, म्हणजे पुढे सर्वांनाच लागू करता येईल." अध्यक्षांनी विषय पुढे ढकलला. खाली बसताना भाऊ माझ्याकडे वळून पुटपुटले, "मगे मी पण थंयच खोली घेतंय."

त्यांची स्वतःची यादीही वेगळी असे. कर्मचाऱ्यांची नावं ते हुद्द्याने लावत नसत. सकाळी जो आधी उठतो तो वर. त्यामुळे चीफ ऑफिसर सगळ्यांत खाली आणि सगळ्यांत वर भागीरथी, मासळी बाजार झाडणारी.

भागीकाकी तेव्हा पन्नाशीच्या आसपास होती. नवरा मुंबईला. त्याची मनीऑर्डर बंद झाली तेव्हापासून ती बाजार झाडत होती, म्हणजे माझ्या आधी कितीतरी वर्षं. तिचे पैसे किरकोळ खर्चातून निघत, झाडू आणि फिनेलच्या शेजारी. दर आठवड्याला पावतीवर अंगठा. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की बाजार मंदावे, आणि त्या सबबीवर तिला बंद करत. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा बोलावणं. त्या दिवसांत ती कोणाच्या शेतात लावणीला जाई, कोणाकडे भांडी घाशी.

नवं राज्य झाल्यावर दीड-दोन वर्षांनी वरून पत्र आलं. सगळ्या पदांच्या ग्रेड नव्याने ठरवायच्या, छापील फॉर्म भरून मंजुरीला पाठवायचे. एकदा मंजुरी आली की पुढची फेरतपासणी होईपर्यंत बदल नाही. भाऊंनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "ह्या खेपेक भागीक आत घेवया."

तिच्यासोबत ते एका पहाटे बाजारात गेले. मी तिथे नव्हते, पण मासळी विकणाऱ्या बायांनी ती पहाट पुढे वर्षभर सांगितली. भाऊंनी कोट काढून खांबाला अडकवला. भागीकाकी त्यांच्या हाताकडे बघून म्हणाली, "खराटो असो नाय धरूचो, भाऊनू. ह्यो काय तुमचो टाक नाय." पलीकडून एक बाई ओरडली, "भागये, गडी बरो गावलो गो तुका. जेवणावर ठेव तेका." भाऊ खवल्यांवरून दोनदा घसरले. वजनकाट्यामागच्या कोपऱ्यात पाणी तुंबायचं, ते कसं काढायचं हे ती त्यांना दाखवत होती आणि ते वाकून बघत होते. कचेरीत आले तेव्हा अंगाला असा वास होता की कचेरीतलं मांजर दिवसभर त्यांच्या टेबलाखालून हललं नाही.

"बाय, ह्या काम रोजंदारीचा नाय," ते मला म्हणाले. "पावसात मासो गावना नाय, पण सुक्याचो बाजार बसता. घाण व्हताच. मगे झाडणारी खंय जाता?"

त्यांनी मसुदा दिला. पंचवीस पदं, त्यांच्या पद्धतीने, भागीकाकी पहिली. फॉर्ममध्ये मात्र हुद्द्याप्रमाणे लावायचं होतं, म्हणून मी मसुदा खालून वर टाइप करत गेले. पाच प्रती, मध्ये चार कार्बन. टपाल दुपारच्या एस.टी.ने जायचं होतं. छापील फॉर्मवर ओळी चोवीस होत्या.

चोविसावी ओळ भरली तेव्हा एक नाव उरलं होतं. त्या एका ओळीसाठी नवा फॉर्म, पुन्हा चार कार्बन, पुन्हा वरचे सगळे मथळे. आणि एवढ्या कागदावर एकच ओळ, ते मला दिसायलाही बरं वाटेना. खाली शेऱ्याची जागा होती. तिथे मी नीट टाइप केलं: 'मासळी बाजार झाडणे, किरकोळ खर्चातून, रोजंदारीने.' ती तशीच तर काम करत होती. उल्लेख झाला म्हणजे झालं, असं मला वाटलं. वाटलं असंही म्हणता येणार नाही. मी हातासरशी एक काम आटोपलं आणि पहिल्या यादीवर काट मारली.

भाऊंसमोर कागद ठेवले. दिवसभरात ते शंभर कागद तपासत, दुसऱ्याच्या बेरजा पुन्हा करत. माझ्या कागदांवर त्यांनी सरळ सह्या केल्या. मी म्हटलं, "भाऊ, एकदा बघून घेता का?" ते म्हणाले, "तुया केलंस मा? मगे काय बघूचा?"

मंजुरी यायला सात-आठ महिने लागले. ती आली त्या दिवशी कचेरीत पेढे आले. दिवाबत्तीवाला, पाणी सोडणारा, शिपाई, सगळे आपापली ओळ बघून जात होते. दुपारी भागीकाकी आली. आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून. दाराबाहेर वहाणा काढून ती आत आली आणि भाऊंच्या टेबलासमोर उजवा अंगठा पुढे करून उभी राहिली.

"भाऊनू, माजो आंगठो खंय घालू?"

भाऊंचं बोट कागदावरून खाली सरकू लागलं. चोवीस ओळी संपल्या. बोट शेऱ्यावर आलं आणि थांबलं. त्यांनी तो शेरा वाचला. मग पान उलटून मागे बघितलं. मागे काहीच नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कागद संपललो काय?"

"नाही," मी म्हटलं. "एका ओळीसाठी दुसरा फॉर्म लावायचा म्हणून…"

वाक्य मी पुरं केलं नाही आणि त्यांनी करवून घेतलं नाही. ते भागीकाकीकडे वळले. "माजी चूक झाली," म्हणाले. "सही माजी आसा."

तिने हात मागे घेतला. अंगठा लुगड्याला पुसला, जणू शाई लागलीच होती. "आसूंदे, भाऊनू. फुडच्या खेपेक घाला," म्हणाली आणि वहाणा घालून गेली. पेढा द्यायचं कुणाला सुचलं नाही.

भाऊ तीनदा रत्नागिरीला गेले. तळेऱ्याला गाडी बदलायची, मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी साहेबांच्या दाराशी बसायचं. तिन्ही वेळा उत्तर तेच. तुम्हीच रोजंदारी लिहिलंत, तुमचीच सही आहे, आता पुढच्या फेरतपासणीला बघू. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "सही माजी बरी येता. सगळे वळाखतत."

एवढाच त्यांचा राग. मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त त्या दिवसापासून माझा प्रत्येक टाइप केलेला कागद ते बोट फिरवत शेवटपर्यंत वाचू लागले. शेऱ्यासकट. मग पान उलटून मागची बाजू. मी समोर उभी राहायची आणि खिडकीबाहेर बघायची. त्या पावसाळ्यात भागीकाकीला नेहमीप्रमाणे बंद केलं. त्या कागदावर मला भाऊंची सही घ्यावी लागली.

चार वर्षांनी भाऊ निवृत्त झाले आणि शिरोड्याला आपल्या माडांत राहायला गेले. निरोपाच्या सभेत भाषणं झाली. भाऊ उत्तराला उभे राहिले आणि म्हणाले, "एक ओळ राहिली आहे. ती घालून घ्या." बऱ्याच लोकांना ते भाषणातलंच काहीतरी वाटलं.

पुढची फेरतपासणी आली ती सत्तर सालाच्या तोंडावर. तोवर मी सीनियर क्लार्क झाले होते. फॉर्म तोच, ओळी चोवीसच. मी दुसरा फॉर्म लावला, सगळे मथळे पुन्हा टाइप केले आणि त्याखाली ती एक ओळ घातली. मंजूर होऊन आली. पण भागीकाकीने त्याच्या आदल्या वर्षीच खराटा सोडला होता. गुडघे गेले होते. ती देवगडला लेकीकडे राहत होती. रोजंदारीवरच्या माणसाला जाताना जे मिळतं ते तिला मिळालं होतं, म्हणजे काही नाही. तिच्या जागी दुसरी बाई आली होती. ग्रेड तिला लागली.

मंजुरीची प्रत घेऊन मी शिरोड्याला गेले. भाऊ ओसरीवर बसले होते. दृष्टी बरीच अधू झाली होती. कागद हातात घेऊन त्यांनी विचारलं, "किती आसत?"

"दोन."

पहिला त्यांनी वाचलाच नाही. दुसरा डोळ्यांजवळ धरून त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि खालच्या कोऱ्या भागावरही फिरवलं, अगदी तळापर्यंत. "बरो दिसता गो कागद," म्हणाले. मग विचारलं, "भागी खंय आसा?"

"देवगडला. लेकीकडे."

"तिका दाखवलंस?"

"नाही अजून."

त्यांनी कागदाची पूर्वीच्याच घडीवर घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "मगे हडे कित्याक इलंस? आदी थंय जावचा होता."

जाईन म्हटलं. पहिल्या यादीत लिहून ठेवलं. पण बजेट आलं, मार्चअखेर आली, मग निवडणूक. मेमध्ये शिरोड्याहून पत्र आलं, भाऊ गेले. मी देवगडला गेले ती त्यांच्या तेराव्यानंतर.

भागीकाकी लेकीच्या खळ्यात आंब्यांच्या पेट्यांसाठी गवत निवडत बसली होती. मी कागद दाखवला. तिला वाचता येत नव्हतं. मी ओळ वाचली. तिने ऐकली, कागद बाजूला ठेवला आणि म्हणाली, "भाऊंका दाखवलंस मा? बरा केलंस." मग तिने विचारलं, "ती नवी, वजनकाट्यामागचो कोपरो झाडता मा? थंय पाणी तुंबता."

"झाडते," मी म्हटलं. मी बघितलं नव्हतं.

परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी बाजारात गेले. इतक्या वर्षांत इतक्या पहाटे पहिल्यांदाच. होड्या नुकत्या लागत होत्या. वजनकाट्यामागे घोटाभर पाणी होतं. नव्या बाईकडे मी खराटा मागितला. तिने तो पुढे केला, पण हातातून सोडेना.

"बाय, तुमी कित्याक?"

"बघतंय," मी म्हटलं, आणि पदर खोचला.