माझ्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स

गेल्या रविवारी सकाळी मोशीत आमच्या चौकात माझ्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. मी तेव्हा चाकणला एका बंद वर्कशॉपमध्ये बसून वडापाव खात होतो... शर्टावर बिटाच्या रसाचं रक्त आणि छातीवर गोळीचं भोक.

सांगतो. आमच्या कंपनीतला नितीन सुट्टीच्या दिवशी एक छोटा सिनेमा करतोय. एक हवालदार गुंडांच्या टोळीत शिरायला सुपारी घेणारा मारेकरी बनतो, पण गड्याच्या हातून साधं झुरळ मरत नाही. मग ज्याची सुपारी मिळेल त्याला तो गुपचूप एका पोल्ट्रीच्या शेडमध्ये लपवतो, आणि शेड भरतच जाते...

टोळीच्या भाईला पुरावा लागतो. फोटोवर त्याचा विश्वास नाही, हल्ली मोबाइलवर काहीही बनवता येतं म्हणे. त्याचं म्हणणं एकच, चौकात फ्लेक्स लागला की माणूस मेला. हा सीन ऐकून आम्ही पोट धरधरून हसलो होतो.

पहिला मरणारा शेठ मी. नितीननं आळसापोटी पात्राला माझंच नाव ठेवलं आणि भलामोठा फ्लेक्स छापायला दिला. 'कै. विकासशेठ यांना भावपूर्ण श्रद्धांजली', वर माझा हसरा फोटो, खाली 'शोकाकुल' म्हणून सिनेमातल्या टोळीची नावं.

रविवारी सकाळी लागला पाहिजे, एवढंच नितीननं फ्लेक्सवाल्याला सांगितलं. वर्कशॉपच्या आवारात लावायचाय हे सांगायचं राहिलं. फ्लेक्सवाला मोशीचा, त्यानं मला फोटोवरून ओळखलं. आता मोशीतला माणूस गेला म्हटल्यावर फ्लेक्सची जागा ठरलेली... त्यानं उजाडताच चौकातल्या सांगाड्यावर बांधला आणि आपल्या मनानं वर झेंडूचा हारही घातला.

साडेआठला सलीमचा फोन आला. चौकात त्याचं गॅरेज आहे, आम्ही शाळेपासूनचे दोस्त. मी हॅलो म्हटलं आणि पलीकडून एकदम शिव्या सुरू झाल्या. शेवटी म्हणाला, "भावा, तुझा फ्लेक्स लागलाय राव इथं. आणि आबा खाली उभे आहेत."

आबा म्हणजे माझे वडील. सहा महिन्यांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट टाकलेत. धक्का बसेल असं काही होऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलंय.

आणि मी त्यांना सांगून काय निघालो होतो, तर कंपनीत ओव्हरटाइम आहे. दोन पोरांचा बाप असून नटाचं सोंग घेतोय हे सांगायची लाज वाटली होती.

"त्यांना फोन दे," मी ओरडलो. सलीम रस्त्यावर पळाला, तोवर आबा तिथून गेलेले. मोबाइल ते घरीच ठेवतात. बायकोला फोन लावला तर घरीही पोचले नव्हते.

तसाच बाइकवर बसलो. रविवार असूनही नाशिक रस्ता तुंबलेला. पण माझा शर्ट बघून लोक गाड्या बाजूला घ्यायला लागले... एका टेम्पोवाल्यानं तर खाली उतरून वाट करून दिली, "अरे जाऊ द्या त्याला दवाखान्यात!" चाकणच्या ट्रॅफिकमध्ये जन्मात पहिल्यांदा मला रस्ता मिळाला, आणि मी हेल्मेटच्या आत रडत होतो. नाही नाही ते डोक्यात येत होतं.

चौकात पोचलो तेव्हा फ्लेक्स उतरवलेला होता. मागच्या चहाच्या हॉटेलात बाकड्यावर आबा बसले होते, शेजारी सलीम. आबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि शर्टाला बोट लावून वास घेतला.

"बीट हाय व्हय रं?"

मी मान हलवली. आबाच बोलले, "मला कळलं व्हतं त्यो खोटा हाय. शोकाकुलमधी घरचं एक बी नाव न्हाई. पोरगा गेला आन बापाचं नाव न्हाई, आसा कुठं फ्लेक्स आसतोय व्हय?"

सलीम म्हणाला, "मी शोधत आलो तर उलट मलाच धीर देत होते, विकासला काय झालेलं न्हाई म्हणून." मी मोठ्यांदा हसलो... सुटलो एकदाचा, असं वाटलं. आबांच्या शेजारी टेकलो आणि मग त्यांच्या पुढ्यातला चहा दिसला. पेला काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली. त्यांनी तो तोंडाला लावलाच नव्हता.

त्यांचा हात हातात घेतला. गार पडला होता.

"किती वेळा वाचली नावं?" मी विचारलं.

"चारदा," आबा म्हणाले. "अक्षरं हलत व्हती."

मी तिथंच त्यांचे पाय धरले. सगळं खरं सांगितलं, सोंगासकट. त्यांनी पाठीत एक जोरदार धपका घातला आणि म्हणाले, "मरायचं आसंल तर घरी सांगून जात जा." तसंच उचलून त्यांना दवाखान्यात नेलं, ईसीजी काढला. सगळं व्यवस्थित आहे असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. नितीननं न सांगताच तो सीन बदललाय. आता भाईला पुरावा म्हणून शेठची फक्त चप्पल मिळते.

आमच्याकडे फ्लेक्सवर नाव टाकायचं राहिलं म्हणून भावकीत वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं, आणि मी अशा रुसव्यांना कायम हसत आलोय. पण त्या रविवारी एका फ्लेक्सवर आबांचं नाव राहून गेलं... त्याबद्दल मी देवाचा, आळशी नितीनचा आणि त्या खोट्या टोळीतल्या एकेका शोकाकुल गुंडाचा जन्मभर ऋणी आहे.