वानखडे सर आणि चुकणारे काटे

आमच्या लॅबची जुनी मंडळी अमरावतीत चहाला भेटली, की एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू होतो. लॅब बंद झाली, किस्से काही थांबेनात! काटे, थर्मामीटर, मीटर बरोबर दाखवतात की नाही, ते तपासायचं आमचं काम. त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. शब्द जड, पण आमचे वानखडे सर सगळं वऱ्हाडीत समजावायचे.

माझ्या इंटरव्ह्यूत त्यांनी विचारलं, "प्रिसिजन अन् ॲक्युरसीत फरक काय?" मी पुस्तकी व्याख्या सुरू केली. सरांनी मनगट पुढे केलं. "हे घड्याळ रोज बरोब्बर दहा मिनिटं मागं. सेकंदाचा फरक नाही. हे झालं प्रिसिजन. अन् माही बस रोज चुकते, काहून की ॲक्युरसी नाही!"

*

आमची सुषमा अकोल्याची. एका मे महिन्यात ऐटीत म्हणाली, "आमच्या घरी पन्नास डिग्री!" सरांनी तिचं थर्मामीटर मागवून तपासलं. एकदम बरोबर!

"टांगलं कुठं होतं, बाई?"

"गच्चीवर, पत्र्याले."

"मंग थे पत्र्याचं टेम्परेचर हाय, अकोल्याचं नाही!"

*

धामणगावचे एक जिनिंगवाले कापसातला ओलावा मोजायचं मीटर घेऊन आले. सर्टिफिकेटवर 'अनसर्टन्टी', म्हणजे मोजण्यात किती चूक असू शकते तो आकडा, वाचून भडकले. "म्हंजे तुमचीच खात्री नाही?"

सर शांतपणे म्हणाले, "'माही काहीच चूक होत नाही' म्हननाऱ्या मानसावर तुमी भरोसा ठेवसान का?"

"ठेवला होता. आता जावई हाय तो माहा!"

*

एकदा अंजनगावकडच्या एका खेड्यातल्या दवाखान्याच्या सिस्टर आल्या. एसटीत बाळांचा वजनकाटा मांडीवर धरून! आम्ही प्रमाणित वजनं पाचदा ठेवली. पाचही वेळा चारशे ग्रॅम कमी.

मग सिस्टर सांगू लागल्या. गावातल्या एका पोरीला त्या तीन महिने रागावत होत्या, "लेकराले पाजत नाहीस का व?" त्यावर सासूचे टोमणे वेगळेच.

सरांनी काटा दुरुस्त केला, सर्टिफिकेट दिलं. सिस्टर ते हातात धरून उभ्याच राहिल्या.

"साहेब, हे इंग्रजीत हाय. तिच्या सासूले वाचता येईन असं मराठीत देता का?"

सरांनी कोरं लेटरहेड काढलं. एकच ओळ लिहिली, 'आईची काही चूक नाही.' खाली सही केली आणि लॅबचा गोल शिक्का मारला.