पाच नटांचं वाण

अधिक महिन्यात जावयाला वाण देतात. माझ्या सासऱ्यांनी मोटारीची चार अलॉय चाकं दिली.

पिंपळवंडीला त्यांच्या ओट्यावर ती ओळीनं मांडली होती, प्रत्येकावर हळदकुंकू. माझ्या गाडीचं चाक चार नटांवर बसतं. या चाकांना पाच भोकं होती. मी मोजली. (पुन्हा मोजली. पाचच.)

"मामा, माझ्या गाडीला चार नट..."

"म्हाईतंय," सासरे म्हणाले. "चौघं माणसाला शेवटचं उचलत्यात. गाडी पाचावरच पायजे."

बायको, सुवर्णा, मला आत घेऊन गेली. "आबांनी अख्ख्या आळीला चाकं दाखवून आणलीत. बसत नाय म्हणालात तर वाण परत केल्यासारखं व्हईल."

"मग काय करू?"

"गाडी बदलून घ्या. चाकं हायेत तशी ऱ्हाऊ द्या."

मला हे त्या वेळी पटलं, एवढीच नोंद करतो.

आळेफाट्याच्या लेथवाल्यानं चारही हब, म्हणजे चाक ज्यावर आवळतात त्या तबकड्या, उतरवले, जुन्या भोकांच्या मधे पाच-पाच नवी भोकं पाडली आणि त्यात नवे बोल्ट ठोकले. एकेक हब पुरणाच्या चाळणीसारखा दिसू लागला. "तीन झकास झालेत," तो म्हणाला. "मागचं डावं जरा..." वाक्य त्यानं हातानं पुरं केलं. "नवं काम हाय, राव. थोडं गेलं की नट आवळत जावा."

सासऱ्यांना मी सांगितलं, अगदी मापात बसली.

"बसणारच. उद्या आहुप्याला जाऊ. देवाला दाखवू."

पुढं माझ्याशेजारी सासरे. मागं उजवीकडं सासूबाई आणि डावीकडं, म्हणजे नेमकी त्या चाकावर, सुवर्णा. माझ्या सीटखाली पाना.

घोडेगावच्या अलीकडं मी गाडी थांबवली, करंगळी दाखवली, पाना शर्टात सरकवला आणि मागच्या डाव्या चाकाआड बसलो. जावई आडोशाला गेला की सासू-सासरे नजर समोर ठेवतात. माझी सगळी योजना या सभ्यतेवर उभी होती. दोन नट सैल निघाले.

डिंभ्याला पुन्हा थांबलो. तीन नट सैल. धरणाच्या कडेनं जाताना तिसऱ्यांदा थांबलो.

"पावणं," सासरे समोर बघत म्हणाले, "पाणी जरा बेतानं पीत जा."

घाट लागला आणि मागून टक टक सुरू झालं.

"काय वाजतंय?"

"डबा असंल, आबा," सुवर्णा म्हणाली. गाडीत डबा नव्हता. आरशात ती दारावरची मूठ दोन्ही हातांनी धरून बसलेली दिसली.

एका वळणावर गाडी मागून अशी लचकली, की मी पुढचं वळण येण्याआधीच ब्रेक लावला. उतरून पाहिलं. पाचातले दोन नट गायब! उरलेले तीन बोटांनी फिरत होते. चाकापलीकडं दोन पावलांवर दरी होती. मी पाना लावून जोर दिला. तोंडातून आवाज निघाला. आणखी जोर दिला, आणखी आवाज निघाला.



"आगं, ह्यास्नी हुतंय तरी काय?" सासूबाईंचा आवाज आला. "चार येळा झालं. आन् आता तर कण्हत्यात."

सुवर्णाकडं दोन उत्तरं होती. एकानं वाणाची अब्रू जात होती, दुसऱ्यानं नवऱ्याची. तिनं फार वेळ घेतला नाही.

"त्यांना शुगर हाय, आई."

सासरे पहिल्यांदाच वळले. "आन् हे आमाला आत्ता सांगता? फिरवा गाडी. देव कुटं पळून जात नाय. घोडेगावला डॉक्टरकडं चला."

तीन नटांवर मी घाट उतरलो. शेळ्यांचा एक कळप आम्हाला मागं टाकून गेला.

"चक्कर येतीय का?" सासऱ्यांनी विचारलं.

"थोडी," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. वाटेत आणखी दोनदा थांबलो. दोन्ही वेळा सासूबाईंनी देवाचं नाव घेतलं.

डॉक्टरांनी बोटाला सुई टोचली. "साखर नॉर्मल आहे," ते म्हणाले.

सासऱ्यांच्या कपाळावर आठी पडली. "मग सारखं सारखं गाडीआड..."

"नॉर्मल म्हंजे गोळ्यांनी आटोक्यात हाय," सुवर्णा म्हणाली. डॉक्टरांनी तोंड उघडलं. सुवर्णानं त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी तोंड मिटलं.

तो हब मी नंतर दुसरीकडून नीट करून घेतला. आता चाक हलत नाही. सासुरवाडीला मला वेगळ्या पातेल्यातला बिनसाखरेचा चहा मिळतो. तो पीत मी ओट्यावर बसतो आणि सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगतात:

"आहुप्याचा घाट चढून-उतरून आलो, चाकांनी हूं का चूं केलं नाय. माल एक नंबर. जावई तेवढा कच्चा निघाला."