बोट आलेल्या चौकटी

ताईच्या ग्रंथालयातून फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होतो. एकट्या माणसाला जुडी जास्तच होते, पण अर्धी कुणी देत नाही. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "दादा, ताईंनी काढलेल्या फिल्म आता कॉम्प्युटरवर घेतोय. काम झालं की त्या इथे राहणार नाहीत, आंबूस वास मारायला लागल्यात. बघायच्या असतील तर या एकदा."

येतो म्हणालो. नंतर चार-पाच दिवस गेलोच नाही. ताई गेल्यापासून कुठलीही गोष्ट सुरू करायचं म्हटलं की आधी थकवा येतो.

ताई माझी मोठी बहीण. आम्ही दोघंही लग्नाविना राहिलो. कारणं वेगवेगळी होती, ती आता उगाळण्यात अर्थ नाही. खांदा कॉलनीतल्या दोन खोल्यांत आमचं आयुष्य गेलं. मी शाळेत मराठी शिकवायचो. ती गावातल्या एका संशोधन ग्रंथालयात मायक्रोफिल्म काढायची. म्हणजे काय, असं नातेवाईक विचारायचे. जुन्या वर्तमानपत्रांचे कागद हात लावला की तुटतात, म्हणून त्यांच्या पानापानाचा फोटो फिल्मच्या रिळावर घेऊन ठेवायचा, असं ती सांगायची. मग ते विचारायचे, "पगार किती?"

टेबलावर वर्तमानपत्राचा बांधीव खंड उघडा ठेवायचा. वर खांबाला कॅमेरा, दोन्ही बाजूंना दिवे. पान उलटायचं, सपाट करायचं, त्यावर काच ठेवायची आणि पायानं कळ दाबायची. कळ पायाशी असे ती हात पानाजवळ राहावेत म्हणून. पण त्यामुळेच एक चूक व्हायची: काच ठेवून हात मागे घ्यायच्या आत पाय दाबला जायचा आणि पानाच्या कडेवर बोट उमटायचं. ग्रंथालयातले लोक याला "बोट आलं" म्हणत. बोट आलं की तेच पान लगेच पुन्हा घ्यायचं, असा नियम होता. फिल्म मात्र कापायची नसे. त्यामुळे चुकलेली चौकट तशीच राहायची आणि तिच्या शेजारी नीट घेतलेली यायची.

रात्री जेवताना ताई सांगायची, "आज बोट आलं." आमटीत मीठ जास्त पडलं असं सांगावं तसं.

मला त्या चौकटी हव्या होत्या. ताईनं फोटो कधी काढून घेतले नाहीत; समोर मोबाइल धरला की ती उठून आत जायची. आजारपणातले दोन-तीन आहेत, ते मला बघवत नाहीत. तिची कामातली बोटं त्या रिळांमध्ये होती आणि रिळं जाणार होती.

शेवटी एका सकाळी रिक्षा करून गेलो. दारात शिपाई भेटला. जवळच्या नेरे गावचा माणूस, ताईच्या टेबलापर्यंत खंड उचलून आणणं हे त्याचं काम असायचं.

"या मास्तर. वाळलाव तुमी. जेवता की नाय?"

"जेवतो."

"हात धुवून या आधी. नायतर वरून ताई ओरडतील मला. पंधरा वेळा धुवायला लावायच्या. मी बोलायचो, ताई, माझी भाग्यरेषा पुसली जाईल. तर बोलायच्या, होती कुठे?"

मी हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो म्हणून की काय, गालाला ते वेगळंच लागलं.

ग्रंथपालबाईंच्या खोलीत आंबूस वास भरला होता, लोणच्याची बरणी उघडी राहावी तसा. रीळ मशीनमधून सरकत होतं आणि पडद्यावर पानं येत होती. काही चौकटींभोवती लाल रेघ होती.

"या डबल आलेल्या किंवा बोट आलेल्या," बाई म्हणाल्या. "मशीन आपणच ओळखतं. मी बटण दाबलं की जातात."

"त्या ठेवता येतील का?"

त्यांनी चष्मा काढला. ताईच्या हाताखालीच बाई काम शिकल्या होत्या. "वर विचारावं लागेल. तुमचा अर्जही लागेल. पण मी विचारते, नाही म्हणणार नाहीत. आधी बघून तर घ्या."

पहिल्या रिळांवर ताई तरुण होती. बोट क्वचितच आलेलं, तेही नुसतं नख किंवा अंगठ्याची कड. एका ठिकाणी तर्जनी पूर्ण दिसली, विळीनं कापल्याचा व्रण होता तीच. तिच्याखाली मिठागराच्या लिलावाची जाहिरात होती आणि "मिठागर" शब्दातला "मि" बोटानं झाकला होता. पुढच्याच चौकटीत पूर्ण शब्द. मी बराच वेळ त्या दोन चौकटी पाहत राहिलो. बाईंनी घाई केली नाही.

मग शेवटची रिळं लावली. लाल रेघा वाढल्या. आधी वाटलं, मशीन चुकत असेल. पण एकेका पानाला तीन, चार, कधी त्याहून जास्त चौकटी होत्या. कुठे काच तिरकी बसलेली. कुठे चारही बोटं आलेली आणि ती हललेली, धुरकट, जणू पाण्याखालून दिसावीत. एका चौकटीत दुसरा हात होता. त्यानं पहिल्याचं मनगट धरून ठेवलं होतं.

तिच्या हाताचा कंप निवृत्तीनंतर सुरू झाला, असं मी समजत होतो. डॉक्टरांनाही आम्ही तसंच सांगितलं होतं, म्हणजे तिनं सांगितलं होतं आणि मी शेजारी बसलो होतो. नोकरीच्या त्या शेवटच्या काळात जेवताना "बोट आलं" हे ती कधी म्हणाली नव्हती. हात चांगला बसला असेल, असं मी धरून चाललो होतो.

चहा घेऊन आलेला शिपाई मागे उभा होता. "तेव्हा ताई मला बाहेर काढायच्या," तो म्हणाला. "चाय आण बोलायच्या. आणली की पीत नसत. ठेव बोलायच्या, थंड होऊ दे. मी जाईपर्यंत कपाला हात नाय लावायच्या."

मी माझा चहा पिऊन टाकला. मशीन चालूच होतं.

"मग अर्ज देता ना?" बाईंनी विचारलं.

"नको. काढून टाका."

"शेवटच्या नको असतील तर नको. पहिल्या तरी ठेवू. तो व्रण वगैरे... छान आहेत त्या."

मला मोह झाला. पण पहिल्या ठेवून शेवटच्या काढायच्या, तर ती निवड माझी झाली असती. तिची निवड तिथेच पडद्यावर होती. हात धरून, माणसाला बाहेर पाठवून, तिनं प्रत्येक पान नीट येईपर्यंत पुन्हा घेतलं होतं. वाचणाऱ्याला पान मिळावं आणि तिचा हात दिसू नये, एवढंच तिला हवं होतं.

"सगळ्याच काढा," मी म्हणालो.

"तुमच्यासमोर?"

"हो."

शिपाई रिकामे कप घेऊन बाहेर गेला. बाईंनी बटण दाबलं. लाल रेघांच्या चौकटी गेल्या आणि पानं एकमेकांजवळ सरकली. पडद्यावर एक पान उरलं होतं: कर्नाळ्याच्या वाटेवरची झाडी तोडल्याची बातमी, भाताचे भाव, एका शिंप्याची जाहिरात. कडा सरळ होत्या, अक्षर न् अक्षर लागत होतं. मी ते पान वरपासून खालपर्यंत वाचलं. मग बाईंना म्हणालो, पुढचं लावा.