गुलाबी काही उतरेना

गुलाबी रंग इतका छळवादी असू शकतो, हे सांगून तुम्हांला पटायचं नाही. सकाळपासून आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत, खिडकीशी, ती काचेची कुपी माझ्याकडे बघत बसली आहे. दुसऱ्या द्रवाचा थेंब पडताक्षणी जो रंग उडून जायला हवा, तो दुपार कलली तरी जागचा हलत नाही.

सजीव पेशीच्या आत केवढी वर्दळ असते! त्या अगणित रेणूंच्या गजबजाटात हव्या त्या एकाच प्रथिनावर खूण करायची, म्हणजे एक रेणू त्या प्रथिनाला आधी जोडून ठेवायचा आणि त्याचा जोडीदार बाहेरून सोडायचा. त्याने वाटेत कुणाच्याही नादी न लागता नेमका आपला सोबती गाठायचा. तोही चटकन, कारण पेशी आपल्यासाठी ताटकळत नाहीत, मरून जातात. मग ही त्वरा आणायची कुठून? त्यासाठी जोडीदार म्हणून मुद्दाम पीळ दिलेलं, ताणलेलं कार्बनचं कडं घ्यावं लागतं. त्याची अस्वस्थता हाच त्याचा वेग. कुपीतला गुलाबी रंग त्या पहिल्या रेणूचा; कड्याचा थेंब पडून दोघं जोडले गेले, की तो उडतो. असं एक कडं घडवण्यात माझा अख्खा उन्हाळा गेला, आणि गोंदियाचा उन्हाळा म्हणजे काय, ते तुम्हीच समजून घ्या. नागपूरहून मागून आणलेल्या पेशी आजच्या दिवसापुरत्या तग धरून आहेत.

आणि परवा, शनिवारी संध्याकाळी, मुर्री गावाच्या अंगाने ढग गडगडत आले. आमच्याकडे वीज कडाडली की घरोघरी आधी टीव्हीची पिन निघते. शिपाईकाकांना कॉलेजही घरच. माझं कडं ज्यात गारठवून ठेवलं होतं, त्या फ्रीजरची पिन त्यांनी मायेपोटी उपसून ठेवली. आज विचारलं तर म्हणतात, "इज कडकडून राहिली होती म्याडम, मशीन जळली असती तं?" आता या माणसावर कुठल्या तोंडाने ओरडायचं? रविवारभरच्या उकाड्यात माझ्या कड्याचा पीळ सुटला. ते सैल, निवांत झालं, आणि निवांत कड्याला कुणाला गाठायची घाई नसते.

डोकं नुसतं भणभणतंय. काका चहा ठेवून गेले, जाताना "काऊन एवढ्या चिडून राहिल्या जी" म्हणून विचारूनही गेले. मग फुलचूरहून आईचा फोन आला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जाऊ दे वो बाई, तू शांत हो."

संध्याकाळपर्यंत पेशी गेल्या. मी नव्या कड्याची तयारी मांडली, फ्रीजरच्या पिनेवर चिकटपट्टी मारली. खिडकीतली कुपी अजून तशीच गुलाबी आहे. आईला काय सांगू? शांत झालेलं एक कडं मी सकाळपासून बघतेच आहे.