मांडीवरचा कॅन

सुंदरमावशी गाडीत बसण्याआधी गाडीखाली जायची. पदर कंबरेला खोचून ती सरळ मातीत आडवी व्हायची, डोकं जीपच्या पोटाखाली घालायची आणि हाताची वीत लावून बघायची, की लोखंड जमिनीपासून किती वर आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, तिचं काहीतरी खाली पडलंय. मी वाकून विचारलं, "मावशी, काय हरवलं?"

खालून आवाज आला, "काय न्हाई. गाडीचं पोट बघतेय. बसलेल्या जनावराचं आधी पोट बघावं लागतं, हे कालेजात शिकवत न्हाईत का?"

तेव्हापासून तिनं माझं नावच 'कालेज' ठेवलं. "ए कालेज, ते झाकण धर." "कालेज, तुझ्या बापाला म्हणावं गाडी लाव." आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे या हाकेचा मला कधी राग आला नाही. उलट बरं वाटायचं. दुष्काळाच्या त्या वर्षी बीडला आमच्या वसतिगृहाचं पाणी तुटलं आणि आम्हा मुलींना घरी पाठवलं, म्हणून मी वाडीत होते.

मावशी माझी सख्खी मावशी नव्हती. ती आणि माझी माय एका माहेरच्या. ती आमच्या वाडीच्या महिला दूध संस्थेची अध्यक्ष होती आणि माझे वडील, आण्णा, संस्थेच्या जीपवर ड्रायव्हर. जीप सरकारी लिलावातली, चारही चाकांना जोर असलेली, आणि माझ्यापेक्षा वयानं मोठी. रोज सकाळी ती दुधाचे कॅन घेऊन चौसाळ्याच्या अलीकडे हायवेवरच्या संकलन केंद्रात जायची. येताना रिकाम्या कॅनांबरोबर पाण्याची पिंपं भरून आणायची. केंद्राची बोअर चालू होती आणि दूध घालणाऱ्या संस्थांना तिथं पाणी भरू देत. आमच्या आडात त्या वर्षी खाली नुसता गाळ होता. सरकारी टँकर आमच्यापर्यंत चढत नव्हता. म्हणजे दूध खाली गेलं तरच पाणी वर येणार होतं, आणि पाणी वर आलं तरच गाई दूध देणार होत्या. सगळी वाडी त्या एका गाडीवर होती.

आणि गाडी बसली होती. गाडीला चाकांवर तोलून धरणारे स्प्रिंगचे पाटे जुने होऊन सपाट झाले होते. वाडीतून खाली उतरायची वाट बराच वेळ कोरड्या नाल्याच्या पात्रातूनच जाते. तिथं गाड्यांसाठी बांधलेली फरशी पूर्वी पुरात वाहून गेली, मागे राहिले ते दगड. एका सकाळी गिअरबॉक्सखालचं आडवं लोखंड दगडावर असं आदळलं, की गाडी तिथंच टांगून राहिली. चाकं फिरत होती, गाडी हलत नव्हती. बायकांनी येऊन ढकलेपर्यंत ऊन वर आलं आणि दूध नासलं. ते सगळं दूध नाल्यात ओतावं लागलं. पांढरी धार दगडांतून वाहत गेली आणि थोड्याच अंतरावर जिरली.  मावशी म्हणाली, "बघा, नाल्याला पाणी आलं."

केंद्रावरच्या साहेबांनी आधीच सांगितलं होतं, की एका वाडीच्या एवढ्याशा दुधासाठी रूट चालू ठेवणं, म्हणजे आमचं दूध घेत राहणं, अवघड आहे. खाडे पडले तर बंद करावा लागेल.

दुसऱ्याच दिवशी मावशी, आण्णा आणि मी गेवराईला गेलो. तिथं रशीदभाई म्हणून पाटेवाले होते. वाळू ओढून ओढून मोडलेल्या टेम्पोंचे पाटे त्यांच्या दुकानामागं ढिगानं पडलेले असत. नवे पाटे घ्यायची आमची ऐपत नव्हती, म्हणून त्या ढिगातून रुंदीला जुळणारे शोधायचे, कापायचे, तापवून पुन्हा कमान द्यायची आणि जीपच्या पाट्यांत घालायचे, असं ठरलं. शिवाय पाटा चासीला जिथं टांगलेला असतो, तिथल्या पट्ट्या लांब करायच्या.

रशीदभाईंनी गाडीला चक्कर मारली. "मौसी, कितना उंचा होना?"

मावशीनं दोन्ही हातांच्या विती एकावर एक धरून दाखवल्या. "एवढं. दगड आमच्या घरचा हाय, मला म्हाईत हाय."

"गाडी उछलेगी. ये पाटे माल के हैं. रिकामे गाडी को मानते नहीं."

"उडू दे. नाल्यात तर बसणार न्हाई ना?"

"अन् वळणावर सांभाळ, ड्रायव्हर," रशीदभाई आण्णांना म्हणाले. "उंच गाडी लौकर झुकते."

काम संध्याकाळपर्यंत चाललं. ब्रेकचा रबरी पाइप आता तोकडा पडत होता, तोही त्यांनी दुसऱ्या गाडीचा काढून बसवला. गाडी जॅकवरून खाली उतरली तेव्हा तिचं रूपच बदललं होतं. उंच टाचांचे बूट घातलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसत होती. मावशी लगेच खाली आडवी झाली, वीत लावली, आणि बाहेर आली तेव्हा तोंडभर हसत होती. तिच्या केसांत ग्रीस लागलं होतं. "कालेज, आता हिच्याखालून कोंबडी जाईल, अंडं घालून माघारी येईल!"

दुसऱ्या सकाळी जीप नाला एका दमात उतरून गेली. एकही दगड लागला नाही. आण्णांनी उगाचच हॉर्न वाजवला.

पण केंद्रात कॅनचं झाकण उघडलं आणि आम्ही सगळे आत वाकून बघू लागलो. दुधावर लोण्याचे बारीक कण तरंगत होते. टेम्पोच्या कडक पाट्यांनी नाल्यातला एकेक दगड कॅनपर्यंत पोचवला होता, आणि वाटेतच दूध घुसळून निघालं होतं. लोणी वर आलं, त्यामुळे खालच्या नमुन्यात फॅट लागेना. साहेबांनी नमुना पुन्हा काढला. पुन्हा तेच.

"अध्यक्षबाई, साय काढून आणलीत का?"

"साय न्हाई काढली साहेब. गाडीनं ताक केलं."

"मला कागदावर काय लिहायचं? गाडीनं ताक केलं?"

दूध परत आलं. पाणी मात्र त्यांनी त्या दिवशी भरू दिलं. 

आण्णा एक पाटा काढून बघू म्हणाले. एक काढला तर गाडी पुन्हा दगडाला लागली. मग मागं धोंडे भरून वजन केलं, तर गाडी शांत चालली, पण तेवढीच खाली बसली. मावशीनं गेवराईला फोन लावला. पलीकडून रशीदभाईंचा आवाज मलाही ऐकू आला, "वजन डालो तो गाडी नीचे, निकालो तो मक्खन उपर. दोनों नहीं मिलता, मौसी."

मावशीनं फोन ठेवला आणि ओट्यावर बसून राहिली. माय तिच्याजवळ गेली. "आगं, ताकाचा डेरा गळ्यापर्यंत भरला तर रवी फिरत न्हाई. कॅन काठोकाठ भरला तर दूध हलंल कशाला?"

हे सगळ्यांनाच माहीत होतं. पण कॅन भरायचे कशानं? गाई आटत चालल्या होत्या. प्रत्येक कॅन अर्धामुर्धाच राहत होता. गाईचं वेगळं, म्हशीचं वेगळं, अशी रीत होती, कारण म्हशीच्या दुधाला फॅट जास्त आणि भावही जास्त. वाडीत म्हैस एकच उरली होती, मावशीची चंद्री. मावशी उठली, आत गेली, आपल्या म्हशीचं दूध घेऊन आली आणि गाईच्या कॅनात ओतलं.

"आगं सुंदरे, कावून?" माय म्हणाली.

"कावून म्हंजे? कॅन भरायचाय."

दूध एकत्र झालं, दोन कॅन काठोकाठ भरले आणि केंद्रात पास झाले. पंधरवडाभर तसंच चाललं. मग आमच्या शेजारच्यांची गाय आटली. मग आमची. कुणी गाई चारा छावणीत नेल्या, कुणी बाजारात सोडून आले, कारण घ्यायला कुणी नव्हतं. दोन कॅनांचा एक झाला. आणि एका सकाळी सगळ्या वाडीचं दूध घातलं तरी तो एक कॅनसुद्धा जेमतेम अर्धा भरला.

बायका जीपभोवती उभ्या होत्या. सगळ्यांचं लक्ष कॅनच्या आत. कुणीतरी हळूच म्हणालं, "चार तांबे पाणी घाल, अध्यक्षबाई. भरंल तरी."

"केंद्रवाल्याला कळतंय," दुसरी म्हणाली.

"कळू दे. आज तर जाईल? उद्याचं उद्या."

मावशीनं मागं वळून बघितलं. मला वाटलं ती चिडेल. पण तिचा आवाज अगदी खाली गेला होता. "आगं, ज्या पाण्यासाठी गाडी उंच केली, तेच पाणी दुधात घालू व्हय?" मग म्हणाली, "आन् घालायचं तर कुणाच्या घरचं घालू? तुझ्या? पोराच्या प्यायच्या हंड्यातलं?"

 मावशी जीपच्या मागच्या भागात चढली, पत्र्यावर पोतं टाकलं, पाय पसरून बसली आणि म्हणाली, "द्या हिकडं."

"काय?"

"कॅन. मांडीवर द्या. पाटे कडक असंनात का, मांड्या तर मऊ हायत."

आण्णांनी विरोध केला. "वैनी, वजन लई हाय. नाल्यात गाडी उडती, तुमाला म्हाईत हाय."

"तू तुझं स्टेअरिंग धर बे. माझ्या मांडीचं मी बघते."

एरवी 'बे' पुरुषांच्या तोंडी. मावशीच्या तोंडून तो ऐकून बायका हसल्या. त्या दिवसातलं तेवढंच हसणं.

मी तिच्यासमोर बसले होते. नाला सुरू झाला तशी तिनं कॅनला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि हनुवटी झाकणावर टेकवली. प्रत्येक दगडाला गाडी वर जायची आणि खाली आपटायची. कॅन मात्र पत्र्याला टेकत नव्हता; दणका तिच्या अंगात जिरत होता. मी म्हणाले, "मावशी, थोडा वेळ मी धरते." ती मान हलवून नाही म्हणाली. दात घट्ट मिटलेले होते, तोंड उघडलं असतं तर जीभच चावली गेली असती. नाला संपला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते दुखण्याचं होतं की कशाचं, मला सांगता येणार नाही.

केंद्रात झाकण उघडलं. लोण्याचा एकही कण नव्हता. साहेबांनी फॅट बघितला, पाणी मिसळलंय का ते सांगणारी डिग्री बघितली, आणि पावती दिली. आम्ही पिंपं भरली.

त्यानंतर रोज ती तशीच बसायची. दोघी-तिघींनी आळीपाळीनं बसायचं म्हटलं. माय एक दिवस बसली आणि दोन दिवस उठली नाही. मीही एकदा बसले. अर्ध्या नाल्यात कॅन माझ्या हातून निसटून पत्र्यावर आपटला. मावशीनं तो परत आपल्याकडं ओढला. मग पुन्हा कुणी विषय काढला नाही. संध्याकाळी ती अंगणात पालथी पडायची आणि माय तिच्या पाठीला तेल चोळायची. "जरा हळू गं," ती म्हणायची, "तिथं गाडी उतरलीय."

पाऊस उशिरा पडला, पण पडला. रूट बंद झाला नाही. आडाला पाणी फुटलं, छावणीतल्या गाई परत आल्या, आणि कॅन हळूहळू भरू लागले. आता कॅन मांडीवर घ्यायची गरज नव्हती. तेवढ्यात एका सकाळी मावशीला उठताच येईना.

बीडला दवाखान्यात मी तिच्याबरोबर होते. डॉक्टरांनी मणक्याचा फोटो उजेडात धरला. "कशावरून पडला होतात?"

"न्हाई पडले."

"मग एवढं कशानं? काही तरी झालं असेल ना?"

मावशी छताकडं बघत म्हणाली, "मी पाटा झालते, साहेब."

डॉक्टरांना कळलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी सांगायला तोंड उघडलं, पण कुठून सुरुवात करावी ते सुचेना. नाला, टेम्पोचे पाटे, लोणी, रूट. शेवटी मी एवढंच म्हणाले, "वजन उचललं त्यांनी." डॉक्टरांनी तेवढंच लिहून घेतलं.

ती पुन्हा उभी राहिली नाही. त्यात चंद्री दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हा सोडेना. मग रोज सकाळी बायका मावशीची बाज उचलून गोठ्यात चंद्रीच्या तोंडापुढं ठेवायच्या. मावशी पडल्या पडल्या तिच्याशी बोलायची, "काय गं सटवे, माझ्यावर का रुसलीस? दे की." आणि माझी माय धार काढायची. सुट्टीत घरी आले, की बाजेची एक बाजू मी उचलायची. दर वेळी बाज आधीपेक्षा हलकी लागायची.

ती गेली तेव्हा मी वाडीतच होते. पहाटेच कळलं. बायका तिच्या दारात जमल्या, पण आत कुणी जाईना, रडायलाही कुणी सुरुवात करीना. सगळ्या एकमेकींकडं बघत होत्या. मग माय म्हणाली, "आधी धारा काढा." सगळ्या आपापल्या गोठ्यात गेल्या. त्या दिवशी चंद्रीनं थेंब दिला नाही. बाकीचं दूध मापून कॅनात गेलं, झाकणं लागली, आण्णांनी गाडी काढली. ती नाल्याकडं उतरून दिसेनाशी होईपर्यंत सगळ्या रस्त्यात उभ्या होत्या. मग माघारी फिरल्या, आणि मावशीच्या दारात येऊन मोठ्यानं रडल्या.