रोज दुपारी दिसणारा बेपत्ता खेळाडू

त्या दुपारची आठवण आली की आजही अंगावर काटा येतो. नोकरीत मी खून पाहिले, अपघात पाहिले, कुजलेली प्रेतं विहिरीतून वर काढली. पण खरी भीती मला ज्या जागी वाटली, तिथे कुणी मेलेलं नव्हतं.

निवृत्तीच्या आधी मी पुण्याच्या पूर्व भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. या प्रकरणातल्या कुणाचंच नाव इथे लिहीत नाही. त्यातली काही माणसं अजून सावरत आहेत.

सकाळची हजेरी घेऊन बीटवरच्या अंमलदारांना कामं वाटून दिली होती. तेवढ्यात ठाणे अंमलदार एका तरुणीला घेऊन आत आले. हे हवालदार जन्माने पेठेतले, त्यामुळे साधी गोष्ट सरळ सांगणं त्यांना जमत नसे.

"साहेब, यांचा भाऊ बेपत्ता आहे. आणि रोज दुपारी मोबाईलवर दिसतो. बाकीच्या बेपत्तांनाही ही सोय कळवायला हवी, आपलं काम हलकं होईल."

तरुणी हसली नाही. ती वाशीमकडची होती, तिथे शिवणक्लास चालवायची. तिचा धाकटा भाऊ व्हिडिओ गेम खेळण्याचा धंदा करायचा. धंदा म्हणजे रीतसर: संघ, करार, गणवेश, राहायला हडपसरला बंगला. रोज दुपारी त्याचा खेळ थेट दाखवला जाई आणि हजारो लोक तो बघत. पंधरवड्यापासून त्याचा फोन बंद होता.

"पण तो दिसतो म्हणता ना?" मी विचारलं.

"दिसते साहेब. पण थो आताचा नाही." तिने फोन माझ्यासमोर धरला. दाट केसांचा, हेडफोन लावलेला एक तरुण खेळत होता. "बाबा वारले तवा थो घरी आला होता. दहाव्याले त्यानं टक्कल केलं. माह्या डोळ्यांदेखत केस काढले. मंग हे केस कुठून आले?"

त्याच क्षणी पडद्यावरच्या तरुणाने वर पाहिलं आणि हसून विचारलं, "काय मंडळी, बघताय ना सगळे?" खाली लाल बदामाची चिन्हं आणि शाबासक्या झरझर वर सरकत होत्या. मी मान फिरवली.

"तुमच्या आई काय म्हणतात?"

"आई रोज पाह्यते. म्हणते, पोरगं बरं दिसते. मी तिले काही सांगितलं नाही. आधी भाऊ जिता आहे का, एवढंच सांगा मले."

मिसिंगची तक्रार दाखल करून घेतली आणि संघाच्या व्यवस्थापकाला बोलावलं. माणूस तिशीचा, घड्याळ भारी, बोलणं त्याहून भारी.

"सर, तो विग आहे. ब्रँडिंगचा निर्णय आहे तो. टक्कल घेऊन कॅमेऱ्यासमोर कसं बसवणार?"

"ठीक. विगसकट त्याला ठाण्यात घेऊन या."

"तो बूटकॅम्पला, म्हणजे सराव शिबिराला आहे सर. गोव्याला."

"मग गोव्याहून त्याच्याशी बोलणं करून द्या."

"फोन बंद ठेवायचा नियम आहे सर. फोकससाठी."

मी शांत बसलो. चौकशीत ओरडण्यापेक्षा गप्प बसण्याचा उपयोग जास्त होतो, हा माझा अनुभव आहे. खोटं बोलणाऱ्याला शांतता सोसत नाही, तो ती स्वतःच भरून काढतो. यानेही भरली, पण भलत्याच गोष्टीने. संघ किती मोठा आहे, हिंजवडीतले किती बडे लोक त्यात गुंतवणूक करायला रांगेत उभे आहेत, हे तो सांगत सुटला. खेळाडूबद्दल अवाक्षर नाही.

माझे आईवडील निरक्षर होते. घराण्यातला पहिला पदवीधर मी, तोही तालुक्याच्या कॉलेजचा. शाळेतल्या गुरुजींनी मला एक गोष्ट शिकवली: कळलं नाही तर हात वर करायचा. ती मी कधी सोडली नाही. आमच्या ठाण्यात सायबरचं काम पाहणाऱ्या महिला उपनिरीक्षक होत्या. मी त्यांच्यासमोर हात वर केला. "या खेळात पैसा येतो कुठून?"

"सर, बक्षिसांतून फारसा नाही. बघणाऱ्यांच्या आकड्यावर जाहिराती मिळतात, गुंतवणूक येते. आजचा गुंतवणूकदार हिस्सा घेतो तो उद्याचा त्याहून महाग घेईल म्हणून. उद्याचाही तसाच."

"आणि बघणारे खरे आहेत की नाही, हे कोण बघतं?"

"आकडा सगळे बघतात सर."

आमच्याकडच्या बैलबाजारात दलाल उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरवतात. भाव कुणाला दिसत नाही, पण बैल समोर उभा असतो. त्याचे दात मोजता येतात. इथे उलटं होतं. भाव सगळ्यांना दिसत होता.

मी उपनिरीक्षक बाईंना त्या खेळाडूची जुनी प्रक्षेपणं काढायला सांगितली. वडिलांच्या दहाव्यानंतर तो परत आला, त्या दिवशीचंही सापडलं. तो तुळतुळीत टक्कल करून कॅमेऱ्यासमोर बसला होता. खेळता खेळता मधेच थांबायचा आणि खाली येणारे संदेश वाचायचा. कशाची तरी वाट पाहत असल्यासारखा.

आता आपल्याकडची रीत बघा. मिशीसकट तासलेला माणूस गावात शिरला की एसटी स्टँडपासून घरापर्यंत दहा जण अडवतात, "कोण गेलं रे?" अनोळखी माणूससुद्धा विचारतो. इथे हजारो लोक बघत होते. संदेश होते, "भारी भावा", "आग लावली", "कडक". डोक्याबद्दल एकानेही विचारलं नव्हतं. आठवड्याने केस अचानक परत आले, त्याबद्दलही कुणी विचारलं नाही.

मी बाईंना म्हटलं, "हजारो माणसं जमली आणि एकालाही सुतक दिसलं नाही? ही माणसं नाहीत."

व्यवस्थापकाला पुन्हा समोर बसवलं आणि एवढंच विचारलं, "तुमचे प्रेक्षक राहतात कुठे?" त्याचं बोलणं पहिल्यांदाच थांबलं. संध्याकाळच्या आत त्याने जागा सांगितली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही पंच घेऊन हडपसरमागच्या एका पत्र्याच्या शेडवर गेलो. शटर वर केलं. आत माणूस नव्हता. भिंतीपासून भिंतीपर्यंत लोखंडी मांडण्या, आणि मांडण्यांवर उभे करून बांधलेले मोबाईल. मोजायचं काम नंतर झालं, पण त्या क्षणी वाटलं, शेकडो डोळे आपल्याकडे वळले. प्रत्येक पडद्यावर तोच तरुण होता. दाट केसांचा. आवाज बंद होता, फक्त पंख्यांची घरघर. त्याने वर पाहिलं, हसला, ओठ हलले. सगळ्या पडद्यांवर एकदम. आणि सगळ्या फोनमधून एकदम बदाम वर जायला लागले.

आमच्या पंचांपैकी एक वयस्कर दुकानदार होते. ते पुटपुटले, "साहेब, ही जत्रा कुणासाठी भरलीय?" हवालदारांनी पंचनाम्याचे कागद काढले आणि फोन मोजायला घेतले.

व्यवस्थापकाने मग सगळं सांगितलं. संघाचा हिस्सा नव्या गुंतवणूकदारांना विकण्याची बोलणी चालू होती. तेवढ्यात, टक्कल पाहूनही प्रेक्षकांपैकी कुणी काहीच का विचारलं नाही, असं म्हणत तो खेळाडू मागे लागला आणि एक दिवस माग काढत या शेडपर्यंत आला. आत उभा राहून त्याने पाहिलं आणि काही न बोलता निघून गेला. बोलणी मोडू नयेत म्हणून त्याची जुनी रेकॉर्डिंग थेट म्हणून दाखवायला सुरुवात झाली. "तो कुठे गेला, आईशप्पथ माहीत नाही सर," तो म्हणाला. या वेळी मला ते खरं वाटलं, आणि त्यामुळेच काळजी वाढली. त्याचा फोन बंगल्यातच पडलेला होता. असं पाहून निघून गेलेला मुलगा कुठे जातो, याचे नको ते अनुभव मला होते.

बाईंनी वेगळी वाट काढली; मुलगा सापडेपर्यंत प्रक्षेपण तसंच चालू ठेवायला लावलं. जप्त फोनमधली, एकेकात दहा-वीस असलेली खाती त्यांनी प्रेक्षकांच्या यादीतून वगळली. उरलेले तुरळक लोक क्षणभर डोकावून गेलेले होते. रोज पहिल्यापासून शेवटपर्यंत बघणारी खाती दोनच निघाली. एक वाशीमकडचं, ते आईचं. दुसरं पुण्यातलं, सदाशिव पेठेतलं, तो मुलगा शेड बघून गेला त्यानंतर उघडलेलं.

प्रक्षेपण दाखवणाऱ्या कंपनीकडून रीतसर माहिती घेऊन, बहिणीला सोबत घेऊन आम्ही तिथे पोहोचलो. स्पर्धा परीक्षेची मुलं कॉट भाड्याने घेऊन राहतात, तशी खोली होती. मुलं अभ्यासिकेत गेली होती. शेवटच्या कॉटवर तो भिंतीला टेकून बसला होता. डोक्यावर खुरटे केस, गालफडं बसलेली. हातातल्या दुसऱ्याच एका फोनवर तो स्वतःलाच बघत होता.

बहीण पुढे झाली. "जेवला का रे?"

त्याने नजर उचलली नाही. "थांब ताई, संपू दे. मी उठलो तं कोणीच राहत नाही तिथं. आई तेवढी."

मी आत जाणार होतो. बहिणीने हाताने थांबवलं आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली. "यात तू कोणता?" तिने विचारलं. त्याने बोट ठेवून दाखवलं. डाव संपेपर्यंत दोघं बघत राहिली. मग तिने त्याच्या हातातून फोन घेतला, तेव्हा तो बाबांसाठी रडला. बहुतेक पहिल्यांदाच.

फसवणुकीचा भाग आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला. हा सगळाच धंदा फुगा आहे का, असं मला पुष्कळ जण विचारतात. मी अर्थशास्त्री नाही. खरे प्रेक्षक असलेले संघ असतील, नक्कीच असतील. पण त्या शेडनंतर माझं मत असं झालं आहे की, या धंद्यातल्या किमतीचा मोठा भाग अशा डोळ्यांवर उभा आहे जे कुणी जाऊन पाहिलेले नाहीत. आकडा वाढत असताना शेडचं शटर उघडायला कुणालाच आवडत नाही. फुगा फुटतो तेव्हा गुंतवणूकदाराचा पैसा जातो, तो कदाचित परत मिळवेलही. त्या मुलाची उमेदीची वर्षं मात्र मांडणीवरच्या फोनसमोर गेली होती. या प्रकरणाने मला शिकवलं ते हे.

जबाब द्यायला तो ठाण्यात आला, तेव्हा सही करताना त्याने विचारलं, "सर, माझा खेळ तरी खरा होता ना?"

मला खेळातलं काही कळत नाही, हे मी त्याला सांगितलं. मग दोन चहा मागवले, दार लोटून घेतलं आणि म्हटलं, "खेळून दाखव." त्याने बाईंच्या संगणकावर एक डाव लावला. मी खुर्ची ओढून मागे बसलो. तो पहिल्यांदा चाचरत, मग झपाट्याने खेळायला लागला. आणि दर थोड्या वेळाने मान वळवून पाहत होता, मी अजून तिथे बसलोय ना ते.